लॉ सीईटीच्या सरावाची नोंद कशी ठेवता? त्यातून नक्की काय कळतं?

पोवईनाका
नमस्कार मंडळी. साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते, वय ३४, मुलगी चौथीत. यंदा तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी द्यायचं ठरवलंय. वडिलांच्या जमिनीचा दावा माझ्या शाळेच्या दिवसांपासून चालू आहे. प्रत्येक तारखेला त्यांच्यासोबत कोर्टाच्या आवारात बसून बसून वाटायला लागलं, की हे कागद आपल्याला स्वतः वाचता यायला हवेत. तर ते असो.

प्रश्न असा. नोव्हेंबरपासून दर रविवारी १२० प्रश्नांचा पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवते. वहीत तारीख आणि गुण लिहिते. आतापर्यंतचे आकडे: ७१, ८३, ६९, ८०, ७४, ८१. ८३ पडले त्या दिवशी घरात शिरा केला. पुढच्या रविवारी ६९ आले आणि दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. आता वही समोर ठेवली की कळतच नाही, मी पुढे चाललेय की एका जागी पाय आपटतेय. तुम्ही प्रगती कशी मोजता? नुसते गुण लिहून भागतं का?

हळदीचा_भाव
ताई, आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात एका दिवसाच्या सौद्यावर कुणी तेजी-मंदी ठरवत न्हाई. चार-पाच सौदे बगायचे, मग बोलायचं. तुमची सहाची सरासरी काढा. ७६ च्या आसपास येत्या.

मिरजवाली
मी बारावीला आहे, पाच वर्षांच्या कोर्सची तयारी करतेय. माझंही सेम. ६० ते ७५ मध्ये झोका. क्लासमध्ये दर सोमवारी भिंतीवर गुणांची यादी लावतात, वरून खाली. खालच्या पाच नावांसमोर लाल पेनाने रेघ. मागच्या महिन्यात माझ्या नावासमोर ती रेघ होती. आईला अजून सांगितलेलं नाही. फॉलो करतेय धागा.

काळा_कोट
मिरजवाली, ती रेघ डोक्यातून काढून टाक. ती यादी फक्त इतरांच्या तुलनेत तू कुठे आहेस ते सांगते. उद्या काय शिकायचं, ते त्यात कुठेच नाही.

पोवईनाका, मी साताऱ्यातच वकिली करतो, सीईटी देऊनच आलो. तुमच्या नोंदीत एक मोठी गोष्ट सुटलीय. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे बरोबर. पण सरावात त्याचा तोटा असा, की तुक्का लागला तरी तो गुण 'येतं' म्हणून वहीत जमा होतो. उत्तर बरोबर आलं म्हणून तुम्ही तो प्रश्न पुन्हा बघत नाही, आणि नेमका तोच पुढे दगा देतो.

मी काय करायचो, तर उत्तर देतानाच, म्हणजे उत्तरतालिका बघायच्या आधी, प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायचो. 'ख' म्हणजे खात्री. 'द' म्हणजे दोन पर्याय उरले, त्यातला एक उचलला. 'तु' म्हणजे तुक्का. तपासून झाल्यावर तिन्हीचे गुण वेगळे काढायचे. एकच रविवार करून बघा.

काटकसर
थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. नोंद ठेवणं हा अभ्यास नव्हे. माझ्या धाकट्या भावाने एक्सेलची अशी शीट केली होती की बघत राहावं. रंग, आलेख, टक्केवारी, सगळं. रोज रात्री तासभर ती सजवायचा आणि तेवढ्या वेळात वीस प्रश्न झाले असते. शेवटी घरच्यांनीच लॅपटॉप काढून घेतला. दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नका आणि पुढचा पेपर सोडवा, एवढंच म्हणणं.

काळा_कोट
काटकसर, सजावटीबद्दल शंभर टक्के मान्य. पण खुणेला एका प्रश्नामागे अर्धा सेकंद लागतो हो.

मोतीचौक
शिरा फक्त ८३ ला? ८० ला निदान कंदी पेढा तरी हवा होता 🙂

गणित_मास्तर
सांगलीत ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त. कन्या यंदा हीच परीक्षा देते आहे म्हणून हा धागा वाचतो आहे.

हळदीचा_भाव यांचं म्हणणं योग्य आहे. त्याचं कारण सांगतो. समजा १२० पैकी ३५ प्रश्नांत तुमचे दोन पर्याय उरतात आणि २४ मध्ये काहीच माहीत नाही. पहिल्या ३५ मध्ये सरासरीने साडेसतरा बरोबर येतील, दुसऱ्या २४ मध्ये चार पर्यायांतला एक या हिशेबाने सहा. पण ही झाली सरासरी. नाणं ३५ वेळा उडवलं तर दर वेळी छापा सतरा-अठराच येतो असं नाही, कधी चौदा येतील, कधी एकवीस. हिशेब मांडला तर अशा पेपरात निव्वळ नशिबाने सात गुण वर किंवा सात गुण खाली जाणं अगदी साहजिक आहे. आणि दोन पेपरांची तुलना करता तेव्हा दोन्हीकडचं नशीब मिसळतं, त्यामुळे दहाचा फरकही अभ्यासात काही बदल न होता पडू शकतो. शिवाय एक पेपर सोपा, एक अवघड, हे वेगळंच. तेव्हा ८३ नंतर ६९ आले यात तुमचा अभ्यास विसरला गेला, असं मुळीच सिद्ध होत नाही. ते दोन दिवस तुम्ही उगाच गमावलेत, बाई.

'ख' चा आकडा मात्र नशिबावर फारसा हलत नाही. तो पाहा.

पोवईनाका
मास्तरकाका, हे वाचून छातीवरचा दगड उतरला. खरंच. काळा कोट दादा, आज रविवारच आहे. सकाळी नवा पेपर ख-द-तु करत सोडवला. आकडे टाकते:

खात्री ६१, त्यातले बरोबर ५४.
दोनातला एक ३५, बरोबर १८.
तुक्का २४, बरोबर ६.
एकूण ७८.

मास्तरकाका, तुमचे ३५ आणि २४ अगदी तंतोतंत जुळले! पण मला धक्का वेगळ्याच गोष्टीचा बसला. ६१ ची खात्री होती, त्यातले ७ चुकले. हे सात मी परीक्षेतही डोळे मिटून चुकवले असते.

गणित_मास्तर
जुळले हा योगायोग, पण आनंद झाला. दुसरी गोष्ट पाहा. ३५ पैकी १८ म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. दोन चुकीचे पर्याय तुम्हाला ओळखता येतात, पण शेवटच्या पायरीवर तुमच्या ज्ञानाचा उपयोग होत नाही. अर्धवट समजलेले विषय इथेच सापडतील. पहिल्यांदा हे ३५ उघडा.

काळा_कोट
मी म्हणेन पहिल्यांदा ते सात. चुकीची खात्री सगळ्यात महाग पडते. कुठले सात होते?

पोवईनाका
सांगते. दोन इंग्रजीतले. प्रश्नात 'यापैकी कोणता नाही' असं होतं आणि मी 'नाही' वाचलंच नाही. एक बैठकव्यवस्थेचं कोडं, त्यात डावं-उजवं उलट धरलं. एक सामान्य ज्ञानाचा. उरलेले तीन कायद्याचे:

फसवणुकीचं कलम ४२० लिहिलं. उत्तर वेगळंच.
अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाशी केलेला करार 'रद्द करता येण्याजोगा' लिहिला. उत्तर 'मुळातच शून्य'.
आणि ते डॅम्नम साइन इंज्युरिया आणि इंज्युरिया साइन डॅम्नो, दोन्ही उलटंपालटं केलं. हे तिसऱ्यांदा चुकलंय.

काळा_कोट
पहिला प्रश्न चुकला तो तुमच्या पुस्तकामुळे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या दंडसंहितेची ५११ कलमं होती, नव्या संहितेत ३५८ आहेत. फसवणूक आता ३१८ मध्ये, खुनाची शिक्षा ३०२ ऐवजी १०३ मध्ये. पुस्तक जुनं असेल तर कितीही सराव केला तरी चुकीचंच पक्कं होत राहणार. आधी ते बदला.

दुसरा: अज्ञानाचा करार मुळातच शून्य, हे ठरलं मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात, १९०३, प्रिव्ही कौन्सिल (इंग्रजांच्या काळातलं शेवटच्या अपिलाचं कोर्ट). एवढं एक नाव लक्षात ठेवा.

तिसरा साताऱ्याच्या भाषेत सांगतो. राजवाड्याजवळ तुमचं पेढ्याचं दुकान आहे. शेजारी दुसऱ्याने दुकान टाकलं, दोन रुपये स्वस्त विकायला लागला. तुमचं गिऱ्हाईक गेलं, नुकसान झालं. पण त्याने तुमचा कुठला हक्क मोडला? कुठलाच नाही. म्हणजे नुकसान आहे, हक्कभंग नाही. हे डॅम्नम साइन इंज्युरिया. १४१० सालचा ग्लूस्टरच्या शाळेचा खटला असाच आहे, शेजारी नवी शाळा निघाली आणि जुन्या मास्तरांना फी कमी करावी लागली. दाद मिळाली नाही.

आता उलटं. मतदान केंद्रावर तुम्हाला मत देऊ दिलं नाही. तुमचा उमेदवार तरीही निवडून आला, म्हणजे नुकसान शून्य. पण हक्क मोडला, म्हणून भरपाई मिळते. हे इंज्युरिया साइन डॅम्नो. ॲश्बी विरुद्ध व्हाइट, १७०३. 'साइन' म्हणजे 'विना'. विनाच्या आधी जे आहे ते घडलंय, नंतर जे आहे ते घडलेलं नाही. आता चौथ्यांदा चुकणार नाही.

मोतीचौक
दोन रुपये स्वस्त पेढा कुठे मिळतो तेवढा पत्ता द्या.

मिरजवाली
पेढ्याचं दुकान वहीत लिहून घेतलं! मी क्लॅटही (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) देणार आहे. तिथे चुकीला पाव गुण कापतात. मग तिथे ख-द-तु चालेल का?

काळा_कोट
तिथे तर जास्तच उपयोगी. निव्वळ तुक्क्यात चारपैकी एक बरोबर आणि तीन चूक धरले तर एक गुण मिळतो आणि पाऊण जातो. म्हणजे हाती फार काही लागत नाही. पण 'द' मध्ये दोनातला एक बरोबर आला तर फायदा स्पष्ट आहे. स्वतःच्या 'द' चा खरा हिशेब माहीत असेल तर तिथे धीराने उत्तर देता येतं. फक्त दोन्ही परीक्षांची पानं वेगळी ठेव. क्लॅटमध्ये प्रत्येक विभागात उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात, ती वेगळीच कसरत आहे.

माहुलीकर
वकिलीचा विषय निघालाय तर सांगून ठेवतो, रामशास्त्री प्रभुणे आमच्या माहुलीचे. पेशव्यांना तोंडावर दोषी म्हणणारा न्यायाधीश आमच्या मातीतला. ताई, तुम्ही काळा कोट घालाल तेव्हा एकदा कृष्णा-वेण्णेच्या संगमावर येऊन जा.

सामान्य ज्ञानासाठीही आपल्या गावाकडे बघत जा. प्रतापसिंह हायस्कूलमध्ये बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झालं, तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. साताऱ्याचं प्रतिसरकार, क्रांतिसिंह नाना पाटील...

हळदीचा_भाव
नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आमच्या सांगली जिल्ह्यात येतंय बरं का पावनं.

माहुलीकर
तेव्हा सांगली जिल्हा होता का? १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० ला सांगली नाव मिळालं. त्याआधी सगळे आमचेच.

हळदीचा_भाव
बरं बाबा, तुमचेच. भडंग पाठवून देतो.

गणित_मास्तर
मंडळी, धागा बाईंच्या वहीवर आणू या.

जुना_कारकून
मी पण पतसंस्थेतलाच, तासगावकडचा. ताई, तुम्हाला आपल्याच भाषेत सांगतो म्हणजे लगेच पटेल. तुमच्याकडे रोजकीर्द आहे, खतावणी नाही. तारीखवार रक्कम लिहिली, पण कुठल्या खात्यावर किती, ते उतरवलंच नाही. नुसत्या कीर्दीवरून कुणाकडे किती येणं आहे हे तुम्ही सांगू शकता का? नाही ना? मग चुकांची खाती उघडा. 'प्रश्न नीट वाचला नाही' हे एक खातं. 'माहीतच नव्हतं' हे दुसरं. 'दोन गोष्टींत गल्लत' तिसरं. 'वेळ संपला' चौथं. प्रत्येक चूक आपापल्या खात्यावर टाका आणि महिनाअखेरीला तेरीज काढा. ज्या खात्याची बाकी फुगलीय त्याचीच वसुली करायची.

पोवईनाका
काका 🙏 तेरा वर्षं खतावणी लिहितेय आणि स्वतःच्या अभ्यासाला लावायचं सुचलं नाही. आजच वहीच्या मागच्या बाजूने पानं पाडली.

काटकसर
हे आवडलं. खतावणीला माझा विरोध नाही. रंगांना आहे.

वेण्णाकाठ
मी मागच्या वर्षी दिली, आता साताऱ्यातच इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजला आहे. माझ्या अनुभवातली एक गोष्ट. वेळेचीही खतावणी ठेवा, म्हणजे कुठल्या विषयाला आठवड्याचे किती तास दिले. तीन वर्षांच्या पेपरात कायदा २४, सामान्य ज्ञान ३२, तर्क २४ आणि इंग्रजी ४० गुणांचं. पेपरचा तिसरा हिस्सा इंग्रजी! आपण मात्र लॉची परीक्षा म्हणून कायद्याचंच पुस्तक घेऊन बसतो, कारण ते वाचताना वकील झाल्यासारखं वाटतं. मी दोन महिने तेच केलं. पोवईनाका, तुमचे तास किती कुठे जातात?

पोवईनाका
मोजले. आठवड्याला १४ तास मिळतात, पहाटे पाच ते सात. त्यातले ९ कायद्याला. इंग्रजीला दीड. आणि ३५ 'द' पैकी १६ इंग्रजीतले निघाले.

माझं शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं. पेपर मराठीतही दिसतो, पण इंग्रजीचा विभाग तर इंग्रजीच. तिथे भीती वाटते म्हणून मी तिकडे जातच नव्हते, हे आता आकड्यांतच दिसतंय.

वेण्णाकाठ
मीही मराठी माध्यम, जावळीतल्या एका खेड्यातली. उपाय सांगू? रोज एक उतारा, फक्त एक. आणि जो शब्द 'द' मध्ये अडकवतो तो वहीत. बाकी काही नाही. आणि कायद्याचे प्रश्न मराठीत वाचणार असाल तर त्यातले शब्दही आधी ओळखीचे करून घ्या. अपकृत्य म्हणजे टॉर्ट, संविदा म्हणजे काँट्रॅक्ट, प्रतिफल म्हणजे कन्सिडरेशन. मला पहिल्या पेपरात 'प्रतिफल' दिसलं तेव्हा बक्षीस वाटलं होतं. प्रश्न येत होता, शब्द आला नाही. अशा चुकीला वेगळं खातं द्या.

मिरजवाली
चुकलेले प्रश्न परत कधी सोडवायचे? मी त्याच संध्याकाळी सोडवते आणि सगळे येतात.

गणित_मास्तर
त्याच संध्याकाळी येणारच बाळ, उत्तर अजून कानात असतं. तीन दिवसांनी एकदा, मग दहा दिवसांनी, मग तीन आठवड्यांनी सोडव. तिसऱ्या वेळी कारणासकट सांगता आलं तर खात्यावरून कमी कर. माझी कन्या कारण मला मोठ्याने सांगते. मला कायद्यातलं काही कळत नाही, तरी ती कुठे अडखळते ते कळतं.

काळा_कोट
एक राहिलं. परीक्षा संगणकावर आहे, तेव्हा महिन्यातले निदान दोन पेपर पडद्यावर सोडवा. आणि अनेक सत्रांत परीक्षा होते म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो, म्हणजे शेकडा किती जण तुमच्या मागे आहेत त्यावर. घरच्या पेपरातल्या ८१ चे किती पर्सेंटाइल होतील, याची गणितं मांडत बसू नका. त्या गणितात माझे कितीतरी रविवार गेले.

मिरजवाली
आज आईला यादीचं सांगितलं. तिने फक्त ख-द-तु ची वही बघायला मागितली. मग म्हणाली, 'ख' वाढलाय की तुझा. मी बघितलंच नव्हतं. ४१ वरून ५२.

जुना_कारकून
शाब्बास पोरी.

*(सहा आठवड्यांनी)*

पोवईनाका
धागा वर काढते, कारण तुमचं देणं लागते.

कालचा पेपर: खात्री ७९, बरोबर ७४. दोनातला एक २७, बरोबर १५. तुक्का १४, बरोबर फक्त २. एकूण ९१.

त्याआधीच्या रविवारी ९४ होते. आधीची मी असते तर तीन गुण घसरले म्हणून परत पुस्तक मिटून बसले असते. या वेळी मागची पानं उघडली. तुक्का लागला नाही एवढंच, 'ख' मात्र तीनने वाढलाय. खात्री असून चुकलेले पाच, त्यातले चार एकाच खात्यावर: प्रश्न नीट वाचला नाही. म्हणून आता प्रत्येक प्रश्नातल्या 'नाही' वर बोट ठेवून वाचते. मुलीने वहीच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने मोठं 'नाही' लिहून दिलंय.

इंग्रजीला आठवड्याचे पाच तास देते. 'द' मधले इंग्रजीचे १६ होते, आता ९.

आणि परवा तारखेला वडिलांसोबत गेले होते. बाकावर बसून त्यांना पेढ्याच्या दुकानाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग आपल्या बांधाचं काय? ते नुकसान का हक्क?" मी म्हटलं, हक्क. त्यांनी पिशवीतून सातबारा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाच."

काळा_कोट
वाचलात?

पोवईनाका
इतर अधिकाराच्या रकान्यापर्यंत. एक फेरफार क्रमांक आहे, तो अजून उलगडत नाही. तुम्हाला विचारणार आहे, पण आधी रविवारचा पेपर. सकाळी ९ ला लावतेय. मिरजवाली, तूही लाव, दुपारी दोघींचे 'ख' इथेच टाकू.

मिरजवाली
९ ला. नक्की.